उंबरठा ओलांडण्यापूर्वी : खासगीपणाच्या हक्काविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांवर उपचार करू लागले, तेव्हा या जंगलात सरकार क्वचितच दिसत असे. आज गडचिरोली जिल्ह्यातल्या या भामरागड तालुक्यात पोलीस ठाणी आहेत, रेशन दुकानात अंगठा घेणारं यंत्र आहे, रक्ततपासणीला येणारं आरोग्य पथक आहे, तरुणांच्या हातात मोबाइल आहे. शासन दारापर्यंत पोचलं, हे हवंच होतं. मात्र दारातून आत येताना सरकारनं कोणते नियम पाळायचे, हे गावात फारसं कुणी सांगितलेलं नाही. म्हणूनच पुढचे समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज १ : राज्यघटनेत खासगीपणाचा उल्लेखच नाही, म्हणजे तो हक्कही नाही.

वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ आणि १९६२ मधल्या दोन निकालांच्या आधारे सरकार अनेक वर्षं हेच म्हणत आलं. आधार योजनेला आव्हान देणाऱ्या याचिकांत २०१५ मध्येही केंद्रानं हाच युक्तिवाद केला. तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाली निघाला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हमीत तो सामावलेला आहे. सरकारला या हक्कावर बंधन घालायचं असेल तर त्यासाठी कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा.

गैरसमज २ : ही शहरी, सुखवस्तू लोकांची चैन आहे. झोपडीत राहणाऱ्याला तिचं काय?

वस्तुस्थिती : या हक्काच्या वाटचालीतला एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या एका झोपडीमुळेच लागला. गणवेशातला एक पोलीस निरीक्षक एका महिलेच्या झोपडीत गेला आणि त्यानं तिच्याकडे शरीरसुखाची मागणी केली. तिनं विरोध केला. चौकशीनंतर तो बडतर्फ झाला, पण तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवत उच्च न्यायालयानं तिची साक्ष भरवशाची मानली नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल फिरवला. बाई कशीही जगत असो, तिलाही खासगीपणाचा अधिकार आहे आणि मनात येईल तेव्हा कुणीही तिच्या घरात घुसू शकत नाही, असं न्यायालयानं बजावलं. कुडाच्या भिंतीला कायद्याचं संरक्षण सिमेंटच्या भिंतीइतकंच आहे.

गैरसमज ३ : नक्षलग्रस्त भागात पोलीस हवं तेव्हा, हवं त्या घरात शिरू शकतात.

वस्तुस्थिती : गडचिरोलीत राज्यघटना स्थगित झालेली नाही आणि सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदाही इथं लागू नाही. तपासाच्या निकडीमुळे पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घेता येते, हे खरं. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं त्यासाठी शिस्त घालून दिली आहे. झडतीची कारणं आधी लेखी नोंदवायची. परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच बोलवायचे. घरमालकाला हजर राहू द्यायचं. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला द्यायची. बाईची अंगझडती बाईनंच, सभ्यता सांभाळून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून झडतीचं दृकश्राव्य चित्रीकरणही बंधनकारक झालं आहे आणि लेखी कारणांची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखालच्या झडतीलाही, त्या कायद्याशी विसंगत नसतील तिथवर, हेच प्रक्रियेचे नियम लागू होतात.

हे नियम कागदी नाहीत, हे याच जिल्ह्यातल्या खटल्यानं दाखवलं. २०१३ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला अटक झाली. हेमलकशाच्या दवाखान्यात हातावर उपचार घ्यायला निघालो होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच प्रकरणात दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या दिल्लीतल्या घराची झडती झाली आणि गडचिरोली सत्र न्यायालयानं २०१७ मध्ये आरोपींना दोषी ठरवलं. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सर्वांना निर्दोष सोडलं. खटल्यासाठी घेतलेली मंजुरी सदोष ठरलीच, शिवाय घरझडतीवरही न्यायालयाचा विश्वास बसला नाही. विद्यापीठाच्या परिसरात शिकलेले साक्षीदार मिळणं अवघड नसताना पंच म्हणून निरक्षर माणूस घेतला होता. निकालापर्यंत साईबाबांची अनेक वर्षं तुरुंगात गेली होती. झडतीचे नियम पाळले तर निरपराध माणूस वाचतो आणि खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा पुरावाही न्यायालयात टिकतो.

जंगलातल्या माणसाच्या दारात बंदूकधारी माओवादीही येत आले आहेत आणि खबरी असल्याच्या संशयावरून त्यांनी आदिवासींचे जीव घेतले आहेत. तो सरळ गुन्हाच आहे. पण सरकारनं कायद्याला बांधील असण्याचं महत्त्व त्यामुळे वाढतं.

गैरसमज ४ : आधार नाही, तर रेशन नाही, शाळा नाही, सिमकार्डही नाही.

वस्तुस्थिती : देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातल्याच टेंभली या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी गावात दिलं गेलं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी अनुदानाच्या योजनांसाठी आधार वैध ठरवलं, पण बँक खातं, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांसाठी त्याची सक्ती नाकारली. रेशनच्या बाबतीतही आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच तरतूद आहे, की क्रमांक मिळाला नसेल तर ओळखीचा दुसरा पुरावा पाहून लाभ द्यायचा. अंगठा जुळला नाही किंवा नेटवर्क गेलं, म्हणून कुणाला परत पाठवू नये, असं आधार प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं आहे. बांबू तोडून, तेंदूपानं खुडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

गैरसमज ५ : फोन ऐकायला सरकारला कुणाची परवानगी लागत नाही.

वस्तुस्थिती : १९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं फोन टॅपिंगला बंधनं घातली. सामान्यतः गृहसचिवांच्या दर्जाचा अधिकारीच आदेश देऊ शकतो. त्याची छाननी समिती करते. आदेश दोन महिने चालतो आणि मुदतवाढ धरून सहा महिन्यांपलीकडे जात नाही. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक आणीबाणी नव्हती, सार्वजनिक सुरक्षेलाही धोका नव्हता, हे त्याचं कारण. तरीही एक उणीव उरते. आदेश देणारे आणि तपासणारे दोन्ही सरकारचेच अधिकारी असतात, न्यायाधीशाची आगाऊ संमती लागत नाही. ही उणीव दूर व्हायलाच हवी.

गैरसमज ६ : जंगल सरकारचं आहे, तिथं कसला खासगीपणा?

वस्तुस्थिती : ताडोबासारख्या जंगलात वाघ मोजायला कॅमेरे लागतात आणि ते आवश्यकही आहेत. पण वाघाच्या वाटेनंच बायका सरपणाला आणि मोहफुलांना जातात. उत्तराखंडमधल्या कॉर्बेट परिसरावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की कॅमेऱ्यांच्या भीतीनं बायकांचं जंगलातलं गाणं, बोलणं कमी झालं होतं. एका महिलेचं शौचाच्या वेळी टिपलेलं छायाचित्र तर समाजमाध्यमांवर फिरवलं गेलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांना जंगलावर हक्क दिले आहेत. कॅमेरा कुठं लागतो आणि माणसाच्या चित्राचं पुढं काय होतं, हे ग्रामसभेनं वनखात्याला विचारायलाच हवं.

गैरसमज ७ : लपवण्यासारखं काही नसेल, तर भीती कशाची?

वस्तुस्थिती : १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांत सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. गडचिरोलीला हा आजार नवा नाही, त्यामुळे तपासणी गरजेचीच आहे. पण मुलगी वाहक असल्याचं गावभर झालं, तर तिच्या सोयरिकीवर परिणाम होतो. तिनं काहीही गैर केलेलं नसतं.

याहून कठोर उदाहरण आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजचं आहे. १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीनं पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवलं. गडचिरोलीच्या मातीतल्या एका मुलीच्या वेदनेतून साऱ्या देशातल्या स्त्रियांना हे संरक्षण मिळालं.

गैरसमज ८ : हक्क असला तरी कोर्टात जाणं आपल्याला परवडणार नाही.

वस्तुस्थिती : हेमलकशापासून जिल्हा न्यायालय दीडशे किलोमीटरहून लांब आहे, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाटा तुटतात आणि न्यायालयातली मराठी अनेक माडिया वृद्धांना कळत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. १५१०० ही त्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

घराची झडती असो, रक्ताचा नमुना असो की अंगठ्याचा ठसा, तीन गोष्टी विचारायचा अधिकार प्रत्येकाला आहे : कोणत्या कायद्याखाली, कशासाठी, आणि त्याचा कागद कुठं आहे? हे प्रश्न विचारणं म्हणजे सरकारला विरोध करणं नव्हे. ग्रामसभांनी हे नियम माडियात वाचून दाखवावेत, शिक्षकांनी आश्रमशाळेत शिकवावेत आणि गावातल्या शिकलेल्या तरुणांनी १५१०० हा क्रमांक घरोघरी लिहून द्यावा.