भट्टी वाढवायची की साचे?

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीची क्षमता विचारली, की भट्टीचा आकडा पुढे येतो. तेवढ्याने भागत नाही. समजा, भट्टी तासाला १,००० किलो लोखंड वितळवते. पण मोल्डिंगवर तासाला ६० साचेच होतात आणि एका साच्यात ८ किलो रस जातो. म्हणजे ओतला जाणार ४८० किलो. रनर-रायझर वजा जाता ६५ टक्के यील्ड धरली, तर हाती ३१२ किलो कास्टिंग. अशा ठिकाणी दुसरी भट्टी घेणे म्हणजे फुकटचा हप्ता मागे लावून घेणे!

कास्टिंगचे प्रकार वाढले, प्रत्येकाला कोअर, फेटलिंग, मशिनिंगचे तास निराळे लागू लागले, की तोंडी हिशेब पुरत नाही. तिथे ‘रेषीय नियोजन’, म्हणजे मर्यादित तासांत सर्वाधिक फायद्याचे उत्पादन ठरवण्याचे गणित, कामी येते. लिओनिद कँटोरोविच यांनी ते १९३९मध्ये प्लायवूड कारखान्यातील यंत्रांच्या प्रश्नावरून मांडले. जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ची. आज एक्सेलमधला सॉल्व्हरही हे गणित सोडवतो. शिवाय कोणत्या विभागाचा एक जादा तास किती रुपये मिळवून देईल, हेही सांगतो. गुंतवणूक ठरवताना याहून मोलाचा आकडा नाही. फक्त रिजेक्शनचे आकडे त्यात खरे भरा.