आजारपण, सातबारा आणि आरोग्याचा विमा

शेतकऱ्याचीं तीन संकटें सर्वांस ठाऊक आहेत: पावसानें दिलेली ओढ, पडलेला भाव आणि सावकाराचें देणें. चौथें संकट मात्र हिशेबांत धरण्याची वहिवाट नाहीं; तें म्हणजे घरांतलें आजारपण. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां फेरफाराच्या पुष्कळ नोंदी आमच्या हातांखालून गेल्या. गहाण, खरेदी, इतर हक्कांत चढलेला बोजा, सारें नोंदींत येतें. परंतु जमीन कां गेली हें सांगणारा रकाना तेथें नसतो. तो असता, तर दवाखान्याच्या बिलापायीं गेलेलीं शेतेंही त्यांत दिसलीं असतीं. बैल गेला तर पुढल्या वर्षीं दुसरा घेतां येतो. जमीन गेली कीं पुढल्या पिढीचा आधार जातो. म्हणून आरोग्यविमा हा विषय शेतकीच्या मासिकांत अप्रस्तुत नव्हे.

विम्याचें तत्त्व आपल्या लोकांस नवें नाहीं. इर्जिक घातली म्हणजे साऱ्या गांवचे बैल एकाच्या शेतांत उतरतात. तद्वत् विम्यांत अनेकांचा पैसा एकाच्या अडचणीस धांवतो. जर्मनींत १८८३ सालीं कामगारांकरितां आजारविम्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्यें ५ जुलै १९४८ पासून सर्व रहिवाशांस सरकारी खर्चानें औषधोपचार मिळूं लागले. आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालच्या अहवालांत असें तत्त्व मांडलें कीं, पैशाची ऐपत नाहीं म्हणून कोणीही उपचारावांचून राहूं नये. १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदाही झाला; पण तो कारखान्यांतील नोकरवर्गापुरता. शेतकरी व शेतमजूर पुष्कळ वर्षें कुंपणाबाहेरच राहिले.

महाराष्ट्रांत २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, व २०१३ च्या नोव्हेंबरांत ती राज्यभर लागू झाली. २०१७ सालीं तीस महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. प्रथम मर्यादा दर कुटुंबास सालिना दीड लाख रुपये होती, आणि लाभ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवाल्यांस होता. पुढें मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पांच आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांस सातबाऱ्याच्या आधारें घेण्यांत आलें. १ एप्रिल २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना हिच्याशीं जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें पत्रिकेचा रंग गौण ठरून राज्यांतील सर्व कुटुंबें योजनेंत आलीं, मर्यादा पांच लाख व उपचार १३५६ झाले. त्याचा अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. ही प्रगति लहान नव्हे.

तथापि हक्क कागदावर मिळणें आणि तो हातीं पडणें यांत अंतर आहे. पहिली उणीव अशी कीं, ही योजना मुख्यतः रुग्णालयांत दाखल झालेल्यांकरितां आहे. नेहमींचा ताप, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या यांचा खर्च घरांतूनच होतो. तो टाळला जातो, रोग बळावतो, आणि मग दाखल होण्याची पाळी येते. दुसरी उणीव अंतराची. मोठ्या शस्त्रक्रियांचीं रुग्णालयें बहुतेक शहरांत एकवटलीं आहेत. पुण्याच्या रहिवाशाचे पांच लाख आणि भामरागडच्या शेतकऱ्याचे पांच लाख आंकड्यानें सारखे. परंतु एकास रिक्षा पुरते, दुसऱ्यास दिवस मोडून, सोबत्याची मजुरी बुडवून जावें लागतें. तिसरी गोष्ट दरांची. ठरलेले दर अपुरे आहेत व देयकें उशिरा मिळतात, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते. तींत तथ्य असेल तेथें सरकारनें तें दूर करावें, पण त्याचा भुर्दंड रोग्यावर पडतां कामा नये.

विहिरीवर मोट चढविली, पण विहिरीस झराच नसेल तर पाणी कोठून येणार? सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी मुलखांत २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें असें प्रमाण ठरलेलें आहे. तेथें डॉक्टर व औषध असेल तरच विम्याची मोट उपयोगी पडेल. विमा हा केंद्राचा सोबती आहे. त्याचा पर्याय नव्हे.

आतां आपल्या हातीं काय आहे? शिधापत्रिका व आधारपत्र यांतील नांवें एकसारखीं आहेत कीं नाहींत हें आजच पाहावें. आजाऱ्याला गाडींत घातल्यावर तहसिलीचे हेलपाटे घालतां येत नाहींत. रुग्णालयांत जातांच प्रथम आरोग्यमित्रास गांठावें. योजनेंतील उपचाराकरितां पैसे मागितल्यास पावती मागावी व १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. योजनेंतील जवळच्या रुग्णालयांची यादी सोसायटीनें चावडीवर लावावी, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस ती वाचून दाखवावी.

ग्रामसभेंत आपण रस्ता मागतों, बंधारा मागतों. त्याच आवाजानें आरोग्यकेंद्रांतील रिकाम्या जागेवर डॉक्टर मागावा. जमीन राखण्याचा तोही एक मार्ग आहे.