दीड किलोचं ओझं उचलणारे इवलुसे पहिलवान

आजीला साखरांबा करताना पाहिलंय कधी? कैरीच्या किसात साखर कालवून ती भांडं झाकून ठेवते. थोड्या वेळानं झाकण काढलं, तर आत पाणीच पाणी! आजीनं तर थेंबभरही घातलेलं नसतं. मग आलं कुठून? साखरेनं ते कैरीतून ओढून काढलेलं असतं. साखरेची ही ओढ लक्षात ठेवा हं! जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नाताळ जवळ आला, की ड्रेस्डेनच्या बेकऱ्यांमध्ये ‘श्टोलन’ची धांदल उडते. श्टोलन म्हणजे लांबट गोड पाव, वरून पिठीसाखरेनं पांढराशुभ्र, जणू दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू! कापला, की आत बेदाणे, बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली आणि मसाल्यांचा घमघमाट. त्यातली वेलची तर मूळची आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलांतली.

पूर्वी मात्र हा पाव अगदी साधा असायचा. नाताळाआधीच्या उपासात लोणी चालत नसे, म्हणून बेकर तेल वापरायचे. शेवटी १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोणी घालायला परवानगी दिली. त्यांच्या त्या पत्राचं नावच पडलं ‘लोण्याचं पत्र’!

आता जरा हिशेब करू या. अस्सल ड्रेस्डेन श्टोलनचा नियम असा : १ किलो मैद्याला निदान ५०० ग्रॅम लोणी, ६५० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम साली आणि १५० ग्रॅम बदाम. झाली बेरीज? १५०० ग्रॅम! म्हणजे १ किलो मैद्यानं दीड किलोचं ओझं घ्यायचं आणि शिवाय फुगायचंसुद्धा.

हे ओझं उचलतं कोण? यीस्ट! बुरशीच्या कुळातला हा एकपेशीय जीव. १ ग्रॅम ताज्या यीस्टमध्ये सुमारे १००० कोटी पेशी मावतात. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. मैदा पाण्यात मळला, की त्यात ग्लुटेनचं चिवट जाळं तयार होतं. वायू त्या जाळ्यात अडकतो, जाळं ताणलं जातं आणि पीठ फुगतं.

मग एवढ्या गोड पावात यीस्टची चंगळच की! छे, उलटंच होतं. आठवतेय ना साखरेची ओढ? साखर फार झाली, की ती यीस्टच्या पेशींमधलं पाणीही ओढून घेते. बिचारं यीस्ट तहानेनं मलूल होतं. लोणी ग्लुटेनच्या धाग्यांवर पसरतं आणि त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही. दालचिनीही यीस्टला फारशी मानवत नाही. आणि कोरडे बेदाणे? ते पिठातलं पाणी गटागटा पिऊन टाकतात.

पण बेकरही हुशार! तो आधी थोडा मैदा, कोमट दूध, यीस्ट आणि किंचित साखर एवढंच कालवून ठेवतो. जर्मन भाषेत याला म्हणतात ‘फोरटाइक’, म्हणजे ‘आधीचं पीठ’. ही यीस्टची न्याहारी! बुडबुडे आले, यीस्ट ताजंतवानं झालं, की मग लोणी, साखर आणि मसाले आत येतात. बेदाणे आदल्या दिवशीच भिजवून टम्म केलेले असतात. ते आणि बदाम सगळ्यांत शेवटी, अलगद मिसळायचे. नाहीतर जाळं फाटायचं!

भट्टीत शिरल्यावर वायू आणखी प्रसरण पावतो. साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास यीस्ट मरतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. पाव घट्ट होतो आणि बुडबुड्यांची घरं तशीच राहतात.

गरम श्टोलनवर मग लोणी लावून साखर भुरभुरतात. आता साखरेची तीच ओढ कामाला येते. यीस्टला छळणारी साखर पावावर वाढू पाहणाऱ्या बुरशीलाही पाणी मिळू देत नाही. म्हणून श्टोलन कित्येक आठवडे टिकतो आणि आजीचा साखरांबा वर्षभर!

करून पाहा : दोन ग्लासांत पाव-पाव कप कोमट पाणी आणि १-१ चमचा कोरडं यीस्ट घ्या. एकात १ चमचा साखर घाला, दुसऱ्यात १० चमचे. २० मिनिटं थांबा. फेस कुठे जास्त आला? का आला, ते आजीला तुम्ही समजावून सांगा!