गर्दी ओसरली म्हणजे वाढ थांबली?

मराठा आरक्षणाच्या आंदोलनात फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड या तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवले गेले. अशा वेळी एक सल्ला हमखास दिला जातो: विकेंद्रित समाजमाध्यमांवर या, ती कुणालाच बंद करता येत नाहीत. हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. मॅस्टोडॉन असो वा ब्लूस्काय, दोन्ही इंटरनेटवरच चालतात. टॉवरवरून डेटा येणे थांबले की फुलंब्रीतल्या फोनवर फेसबुकबरोबर तीही थांबणार. शिवाय भारतात सर्व्हर चालवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होतोच. विकेंद्रीकरणाने सुटतो तो प्रश्न वेगळा, आणि मराठी माणसाला तो चांगला ओळखीचा आहे. ऑर्कुट २०१४ मध्ये मिटले, टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, मराठीची सोय देणारे ‘कू’ जुलै २०२४ मध्ये गुंडाळले गेले. कारणे निरनिराळी होती, पण प्रत्येक वेळी वर्षानुवर्षे जमवलेला वाचक-प्रेक्षकवर्ग एका झटक्यात गेला, कारण सारी नाती एकाच कंपनीच्या यंत्रात होती. ऑयगेन रॉखको यांनी २०१६ मध्ये आणलेल्या मॅस्टोडॉनची रचनाच निराळी आहे. सॉफ्टवेअर मोफत, सर्व्हर ज्याचा त्याचा आणि सर्व्हरांचे आपसातले बोलणे ‘ॲक्टिव्हिटीपब’ या जानेवारी २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या खुल्या मानकानुसार. जीमेलवरून रेडिफमेलला पत्र जाते, तसेच हे. यात ब्लॉकचेन नाही, कुठले नाणेही विकत घ्यावे लागत नाही.

या माध्यमांना भवितव्य नाही, असे म्हणणारे आकडे दाखवतात आणि ते आकडे खरे आहेत. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते २०१९ मध्ये निलंबित झाले, तेव्हा भारतातून मॅस्टोडॉनकडे रीघ लागली. बहुतेक जण परतले. ट्विटरची मालकी बदलल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते २५ लाखांपर्यंत गेले आणि दोन-अडीच महिन्यांत १४ लाखांच्या आसपास उतरले. तरीही ही पातळी लाटेपूर्वीच्या पातळीहून बरीच वर होती. उलट ब्लूस्कायने नोव्हेंबर २०२४ मध्ये २ कोटींचा टप्पा ओलांडला, पण त्यांतली जवळपास सगळी खाती एकाच कंपनीच्या सर्व्हरांवर आहेत. ती वाढ एका ॲपची आहे. तिला विकेंद्रीकरणाची वाढ मानायला मी तयार नाही. रागावून आलेली गर्दी राग उतरला की जाते. टिकतात त्या स्वतःच्या नावाने सर्व्हर काढणाऱ्या संस्था. जर्मन संघराज्य सरकारचा सर्व्हर २०२० पासून आहे, नेदरलँड्स सरकारने आणि प्रयोग म्हणून बीबीसीने २०२३ मध्ये आपापला सुरू केला. खात्याच्या पत्त्यातच संस्थेचे डोमेन असल्याने खाते खरे की तोतया हे तिथेच कळते. निळी खूण विकत घ्यावी लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेला ही सोय किती उपयोगी पडेल, याचा विचार आपल्याकडे व्हायला हवा.

मात्र ‘खाते कुठेही हलवता येते’ हेही अर्धेच खरे. मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हर बदलला की अनुयायी सोबत येतात, जुने लेखन मागेच राहते. संभाजीनगरकरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, २०२२ मध्ये महापालिकेने ‘औरंगाबाद’ नावाच्या डोमेनवर सर्व्हर काढला असता. मॅस्टोडॉनचे डोमेन प्रत्येक खात्याच्या ओळखीत गुंतलेले असते, ते मागाहून धडपणे बदलता येत नाही. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलल्यावर नवा सर्व्हर मांडून एकेक खाते हलवावे लागले असते. ब्लूस्कायच्या रचनेत नावामागे कायमचा ओळख-क्रमांक असतो, त्यामुळे नाव बदलले तरी लेखन जागेवर राहते. ही त्याची बाजू मोकळेपणाने मान्य करायला हवी.

राहिला आक्षेप नियंत्रणाचा: मालक नाही म्हणजे शिवीगाळीला रान मोकळे. २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुराबद्दल बदनाम असलेले ‘गॅब’ मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. गॅब बंद पडले नाही, पण इतरांच्या अंगणात त्याला शिरता आले नाही. मराठीसाठी ही व्यवस्था मला मोलाची वाटते. एखादा शब्द कौतुकाचा आहे की जातीवरून हिणवणारा, हे मराठवाड्याची बोली जाणणारा माणूस जसे ओळखेल तसे दूरच्या कंपनीचे यंत्र ओळखणार नाही. पण असा माणूस फुकट मिळत नाही. ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ हा हजारो सदस्यांचा सर्व्हर २०२३ मध्ये बंद झाला, तो पैशांअभावी नव्हे. भांडणे आणि द्वेष सोसून चालकच थकला होता. एखादे विद्यापीठ किंवा मराठी दैनिक सर्व्हर काढणार असेल, तर यंत्राच्या भाड्याआधी या कामावरच्या दोघा-तिघांच्या पगाराची तरतूद त्याला करावी लागेल.