फिरत्या प्रयोगशाळेची वीज : बॅटरी, इन्व्हर्टर आणि सौर पॅनेलची निगा

मृदा परीक्षणाची फिरती प्रयोगशाळा असो वा पशुवैद्यकीय सेवेचे फिरते वाहन, अशा गाडीत इंधनाइतकेच महत्त्व विजेला असते. मात्र इंधनाचा काटा चालकाच्या समोर असतो, विजेचा हिशेब बहुधा कोणाच्याच समोर नसतो. परिणामी गावात मातीचे नमुने घेऊन शेतकरी जमलेले असतात आणि इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडतो. मृदा परीक्षणात एवढ्याने एक दिवस वाया जातो. लसीकरणाच्या वाहनात हानी अधिक गंभीर असते. लाळ्या-खुरकूत रोगाची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापता कामा नये आणि गोठताही कामा नये. रात्रभर शीतपेटी बंद राहिल्याने निकामी झालेली लस दिसायला पूर्ववतच असते. जनावराला ती टोचली जाते, नोंदही होते. प्रतिकारशक्ती मात्र निर्माण होत नाही.

अशा वाहनात दोन स्वतंत्र बॅटऱ्या असाव्यात, हे पहिले तत्त्व होय. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या प्लेट्स पातळ असतात; काही सेकंद मोठा विद्युतप्रवाह देणे हे तिचे काम. तिच्यावर तासन्‌तास उपकरणे चालविल्यास ती लवकर निकामी होते आणि गाडीही सुरू होत नाही. उपकरणांसाठी घरगुती इन्व्हर्टरला वापरतात तशी ट्युब्युलर किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी योग्य ठरते. गाडी धावताना अल्टरनेटरमधून ही दुसरी बॅटरी भारित करता येते. जुन्या गाड्यांत त्यासाठी साधा रिले पुरेसा असे. नव्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटरचा दाब संगणकाद्वारे कमी-जास्त केला जातो. तेथे डीसी-डीसी चार्जर बसविणे इष्ट. तासाभराच्या प्रवासात बॅटरी पूर्ण भरली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास कित्येक तास लागतात, आणि सतत अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या प्लेट्सवर सल्फेटचा थर जमून त्यांची क्षमता घटते.

खर्चाचा हिशेब एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ५० वॅटचा शीतकपाट निम्मा वेळ चालला तर दिवसाला ६०० वॅट-तास वीज घेतो. लॅपटॉप व प्रिंटरसाठी ३००, दिवे व पंख्यासाठी २०० आणि पालाश मोजणारा फ्लेम फोटोमीटर, त्याचा कॉम्प्रेसर, सामू व विद्युत वाहकता मापक यांसाठी ३०० वॅट-तास धरल्यास बेरीज १४०० होते. इन्व्हर्टरमधील घट मिळवून ती १६०० च्या घरात जाते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास बॅटरीत नाममात्र १८०० वॅट-तास वीज असते. परंतु लेड-ॲसिड बॅटरी दीर्घकाळ टिकावी यासाठी निम्मीच वापरावी. म्हणजे हाती ९०० उरतात. एका बॅटरीवर हे काम भागत नाही, दोन लागतात. छतावरील ४०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १४०० वॅट-तास देऊ शकते. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, तर मे महिन्यात ऊन भरपूर असूनही पॅनेल तापल्यामुळे २५ अंशांपुढील प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये हवा खेळण्यास जागा ठेवण्याचे कारण हेच. कच्च्या रस्त्यांवरची धूळ मात्र रोज सकाळी पुसावी लागते.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे या हिशेबात बसत नाहीत. उपलब्ध नत्रासाठीचे ऊर्ध्वपातन किंवा डिस्टिल्ड वॉटरचे यंत्र बॅटरीवर चालवू नये. ती कामे मुख्यालयी वा बाहेरील वीजजोडणीवर करावीत. सेंद्रिय कर्बाच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीची येथे सोय आहे : तिला लागणारी उष्णता सल्फ्युरिक आम्ल मिसळतानाच निर्माण होते.

बिघाडाचे सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे बारीक वायर. १००० वॅटचा भार १२ व्होल्टवर इन्व्हर्टरमार्फत चालविताना बॅटरीतून सुमारे ९५ अँपिअर प्रवाह वाहतो. बॅटरी व इन्व्हर्टर यांत ३ मीटर अंतर आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच नष्ट होतात. वायर तापते, इन्व्हर्टर ‘बॅटरी उतरली’ असे दाखवितो आणि दोष चांगल्या बॅटरीवर येतो. २५ चौरस मिलिमीटरच्या वायरने ही घट ०.४ व्होल्टवर येते. इन्व्हर्टर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच हवा, कारण तो उपकरणाचे नव्हे, वायरचे रक्षण करतो.

विश्रांत अवस्थेत, म्हणजे काही तास भार व भरण दोन्ही बंद असताना, लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवीत असेल तर ती पूर्ण भरलेली असते, १२.२ च्या आसपास ती निम्मी उरते. लिथियम बॅटरीस हे मोजमाप लागू पडत नाही. तिचा दाब बराच काळ जवळपास स्थिर राहतो, म्हणून तिला अँपिअर-तास मोजणारा मापक जोडावा. शून्य अंशाखाली ती भारित करू नये. लडाख-हिमाचलमध्ये काम करणाऱ्या पथकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. विदर्भ-मराठवाड्यातील अडचण उलट आहे : तापमान दर १० अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर पूर्ण भरणानंतरच घालावे. टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून पेट्रोलियम जेली लावावी. भरणाच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पेटीला वायुवीजन हवेच.

ग्रामपंचायतीतून वा शाळेतून वीज घेताना आधी अर्थिंग तपासावे. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला असावा. एक्स्टेंशनची वायर रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर भाराखाली तापून वितळू शकते. जनित्र असल्यास ते गाडीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या दिशेस ठेवावे. बंद गाडीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हंगाम संपल्यावर वाहन महिनोन्‌महिने उभे राहते आणि बहुतांश बॅटऱ्या त्याच काळात मरतात. जीपीएस यंत्र किंवा भाराविना चालू राहिलेला इन्व्हर्टर थोडीथोडी वीज घेतच राहतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून, मुख्य स्विच बंद करून वाहन उभे करावे आणि दरमहा एकदा ती पुन्हा भरावी. लिथियम बॅटरी मात्र निम्मी भरलेली ठेवणेच बरे.