हिंस्र श्वापदांचे दर्शन आणि शासकीय नोंद : सावदा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

केळीच्या शिवारात पहाटे पाणी द्यायला गेलेला सालदार धावत गावात येतो आणि वाघ दिसल्याचे सांगतो. गाव जमते, वनरक्षक येतो, ओल्या मातीतील ठसे पाहिले जातात. पुष्कळदा या प्रसंगाची अखेर ‘हे क्षेत्र वन्यप्राण्यांच्या अधिवासात मोडत नाही’ अशा उत्तराने होते. शेतकऱ्याला हे उत्तर आपल्या डोळ्यांवरील अविश्वास वाटते, तर अधिकाऱ्याला शेतकऱ्याचे सांगणे भीतीपोटी झालेली अतिशयोक्ती वाटते. या दोन भूमिकांतील अंतर केवळ मानसिक नाही. ‘दिसणे’, ‘असणे’ आणि ‘वास्तव्य करणे’ या तीन भिन्न संकल्पनांची गल्लत तिच्या मुळाशी आहे. ही गल्लत उलगडून दाखवणे आणि सावदा परिसराच्या संदर्भात तिचे परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी आणि मध्ये काळ्या कसदार जमिनीची सपाट पट्टी अशी या भागाची रचना आहे. सातपुड्याच्या कुशीत १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. सुकीसारख्या नद्या डोंगरातून उतरून तापीकडे जातात. त्यांची झुडपी पात्रे आणि नाले हे डोंगर व शिवार यांना जोडणारे नैसर्गिक मार्ग आहेत.

खानदेशात वाघ नवखा नाही. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या चरित्रात त्याच्या येथील सुमारे दहा वर्षांच्या कारकिर्दीत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद आढळते. सातपुड्यातील आदिवासी समाजांत वाघदेवाची पूजा आजही होते. सावद्याजवळचे वाघोदे, रावेरजवळचे वाघोड ही गावांची नावेही अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतात. मात्र येथे सावधगिरी आवश्यक आहे. गावाचे नाव किंवा लोकदैवत ही फार तर स्मृतीची साधने होत. प्राणी आज तेथे असल्याचा पुरावा म्हणून ती ग्राह्य धरता येत नाहीत.

‘वाघ’ या शब्दाची व्याप्ती

साक्षीच्या मूल्यमापनात पहिली अडचण भाषेची येते. ग्रामीण मराठीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेदार वाघ व बिबट्या या दोहोंसाठी वापरला जातो. भेद दाखवायचा असल्यास ‘पट्टेदार’, ‘ढाण्या’ किंवा ‘बिबट्या वाघ’ असे म्हटले जाते. बिबट्याला ‘चित्ता’ म्हणण्याची चूकही सर्रास होते; वस्तुतः भारतातील मूळ चित्ता नष्ट झाल्याचे १९५२ मध्येच जाहीर झाले होते आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. त्यामुळे ‘वाघ दिसला’ या विधानाला ‘येथे वाघ नाहीत’ हे उत्तर मिळते, तेव्हा दोन्ही पक्ष खरे बोलत असूनही वेगवेगळ्या प्राण्यांविषयी बोलत असू शकतात.

दुसरी अडचण ओळखीची आहे. विजेरीच्या झोतात चमकणारे डोळे, अंतराचा चुकणारा अंदाज आणि मनातील भय यांमुळे तरस, लांडगा, रानमांजर किंवा मोठा कुत्राही बिबट्या भासतो. ठशांच्या बाबतीत काही साधे निकष उपयोगी पडतात. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशांत सहसा नखांची खूण नसते. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशांत ती दिसते. तरसाचे पुढचे पंजे मागच्या पंजांहून ठळकपणे मोठे असतात. मात्र चिखलात ठसा पसरतो आणि एकाच ठशावरून निर्णय देणे धोक्याचे ठरते. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात वाघ उरले नसल्याचे २००५ मध्ये उघडकीस आल्यानंतर ठशांवर आधारलेली व्याघ्रगणनेची पद्धत मागे पडली आणि २००६ पासून कॅमेरा ट्रॅप व संख्याशास्त्रीय प्रतिमानांवर आधारित पद्धत रूढ झाली. सरिस्काचा धडा लक्षणीय आहे. तेथे कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या नेमकी उलट बाजू आहे.

‘नोंद नाही’ याचा अर्थ

शासकीय नोंद ही शोधाच्या पद्धतीवर अवलंबून असते. कॅमेरे प्रामुख्याने वनक्षेत्रात लावले जातात. जेथे ते लावलेच नाहीत, तेथून छायाचित्र येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. राष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे होते. परंतु ही गणना मुख्यतः वनांशी निगडित अधिवासांची आहे. ऊस, केळी यांसारख्या पिकांत राहणारे बिबटे तिच्या कक्षेत पुरेसे येत नाहीत.

शोध घेतला तरी प्राणी सापडेलच असे नाही. समजा, एखाद्या शिवारात बिबट्या वावरत आहे आणि एका रात्रीत तो कॅमेऱ्यात टिपला जाण्याची शक्यता १० टक्के आहे. अशा स्थितीत सलग १० रात्री कॅमेरा लावूनही तो एकदाही न टिपला जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के उरते. ३० रात्रींनंतर ती सुमारे ४ टक्क्यांवर येते. उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील तत्त्व व्यवहारात महत्त्वाचे आहे. दोन रात्रींच्या पाहणीवरून काढलेला ‘प्राणी नाही’ हा निष्कर्ष अपुरा असतो. किती दिवस, कोठे आणि कोणत्या साधनांनी शोध घेतला हे सांगितल्याशिवाय ‘नाही’ या शब्दाला शास्त्रीय मूल्य प्राप्त होत नाही.

पिकांतील अधिवास

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक लोकवस्ती असलेल्या आणि सलग जंगल नसलेल्या या शेतीप्रधान भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तेथील बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के दिसून आला आणि त्यात कुत्र्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. बिबट्या शेतात ‘चुकून’ येतो ही समजूत या अभ्यासाने खोडून काढली. तो तेथे राहतो आणि तेथेच त्याची पिल्ले वाढतात.

केळीच्या पट्ट्यात याहून वेगळी परिस्थिती असण्याचे कारण नाही. ऊस तोडल्यावर शेत उघडे पडते, केळीचे तसे नसते. मृगबाग, कांदेबाग व पिलबाग अशा वेगवेगळ्या काळातील लागवडींमुळे वर्षभर कोठेतरी दाट सावली उभीच असते. उन्हाळ्यात जळगावचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, तेव्हाही ठिबक सिंचनाखालील बाग थंड व ओलसर राहते. रानडुकरे, भटकी कुत्री आणि गोठ्यांतील वासरे यांमुळे भक्ष्याची उणीव नसते. जळगाव जिल्ह्याच्याच मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा परिसरातील पट्टेदार वाघ केळीच्या बागांचा आसरा घेताना आढळले आहेत. तेथील वनक्षेत्राला २०१४ मध्ये ‘मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव’ असा दर्जा मिळाला. मेळघाट, अंबाबारवा, मुक्ताई-भवानी, यावल व अनेर या साखळीत सावदा परिसर डोंगराच्या पायथ्याला येतो, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

प्रवासी प्राणी आणि निवासी प्राणी

वयात आलेले नर नव्या क्षेत्राच्या शोधात दूरवर जातात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ शेते, रस्ते व नद्या ओलांडत ३,००० किलोमीटरहून अधिक चालला आणि अखेरीस जळगावशेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ चाळीसगावलगतच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. तेथे अनेक दशकांनंतर प्रथमच वाघाची नोंद झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग अभयारण्यातही टिपेश्वरहून आलेला वाघ आढळला.

महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मधील १०३ वरून २०२२ मध्ये ४४४ वर गेला. संख्या वाढली की विस्थापित तरुण वाघही वाढणार हे उघड आहे. अमेरिकेतही असेच घडले. तेथील केंद्रीय वन्यजीव विभागाने २०११ मध्ये पूर्वेकडील प्यूमा नामशेष झाल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये कनेटिकट राज्यात मोटारीखाली एक प्यूमा मेला. जनुकीय तपासणीत तो सुमारे २,४०० किलोमीटरवरील साउथ डकोटातून आल्याचे सिद्ध झाले. विभागाचे ‘येथे प्रजनन करणारी संख्या नाही’ हे म्हणणे खरे होते आणि प्यूमा पाहिल्याचे सांगणाऱ्या नागरिकांपैकी काहींचे म्हणणेही खरे असू शकत होते. ‘वास्तव्य नाही’ याचा अर्थ ‘प्राणी नाही’ असा होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

नाकारण्याची किंमत

हा वाद केवळ पारिभाषिक राहत नाही. शेतीपंपांना अनेकदा रात्रीच वीज मिळते. त्यामुळे अंधारात बागेत जाणे मजुराला टाळता येत नाही. प्राणी असल्याचे वेळीच मान्य झाले, तर दिवसा वीजपुरवठ्याची मागणी, गटाने काम करणे, बंदिस्त गोठे, मुलांना एकटे न सोडणे हे उपाय सुरू होतात. नुकसानभरपाईसाठीही पंचनाम्यात वन्यप्राण्याचे नाव येणे निर्णायक असते. ‘येथे बिबट्या नाही’ अशी पूर्वधारणा असेल, तर वासराचा मृत्यू कुत्र्यांच्या नावावर जाण्याची शक्यता वाढते. अशा अनुभवानंतर शेतकरी कळवणे थांबवतो. नोंदी आणखी विरळ होतात आणि विरळ नोंदी पुन्हा ‘प्राणी नाही’ या निष्कर्षाला आधार देतात. या दुष्टचक्रातून विषप्रयोग वा विजेच्या तारांचा बेकायदा मार्ग अवलंबिला जाण्याचा धोका असतो. वाघ व बिबट्या हे दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे येथे विसरता येत नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. २०१७ च्या उत्तरार्धात चाळीसगाव तालुक्यातील वरखेडे परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे बळी गेले आणि डिसेंबरमध्ये त्याला ठार करावे लागले. अशा घटनांनंतर प्रत्येक दर्शनानंतर पिंजऱ्याची मागणी होते. परंतु जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडल्यावर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे अभ्यासात दिसून आले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा स्थलांतरावर म्हणूनच भर दिलेला नाही. बिबट्या दिसणे म्हणजे बिबट्याने हल्ला करणे नव्हे, हा भेद जनतेपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) दर्शनाची वार्ता हा पुरावा नव्हे; मात्र ती पुराव्याच्या शोधाचे वैध कारण आहे.

२) ‘नोंद नाही’, ‘प्राणी नाही’ आणि ‘स्थायी वास्तव्य नाही’ ही तीन स्वतंत्र विधाने असून शासकीय उत्तरात त्यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, हे नमूद व्हावयास हवे.

३) केळीची बाग हा संभाव्य अधिवास मानून पाहणीची कक्षा वनसीमेबाहेर वाढवणे गरजेचे आहे.

४) या कामी परिसरातील महाविद्यालये मोलाचा वाटा उचलू शकतात. दिनांक, वेळ, अंतर, प्रकाश, पीक व ठशांची मोजपट्टीसह छायाचित्रे यांची नोंदवही प्राणिशास्त्र विभागाने ठेवावी, तिचे नकाशे भूगोल विभागाने करावेत, साक्षींची भाषा मराठी विभागाने अभ्यासावी आणि ही माहिती नियमितपणे वनविभागाकडे सुपूर्द व्हावी. संवेदनशील स्थळे मात्र जाहीर करू नयेत, कारण त्यांचा लाभ शिकारी घेऊ शकतात.

पहाटे धावत गावात आलेल्या सालदाराचे सांगणे तपासाअंती चुकीचे ठरेलही. परंतु ते तपासाअंती चुकीचे ठरणे आणि तपासाविना नाकारले जाणे यांत फार मोठे अंतर आहे. त्या शिवारात दुसऱ्या रात्री पुन्हा पाणी द्यायला त्यालाच जावयाचे असते.