साखर असेल तर रोज पाय बघा

रापणकार बांधवांनो, होडीमालकांनो,

आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालात मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. आणि हरमल-मोरजीला रापण ओढताना आपण अनवाणीच! साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या की कालवाची धार लागली, शिंगाळ्याचा काटा घुसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून आपण बघत नाही, जखम चिघळते. बोट कापायची वेळ येते ती अशी.

संध्याकाळी पाय गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तळवे घरच्यांना दाखवा. कुरूप ब्लेडने कापू नका. जखम दिसली तर हळद भरून बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. बसून राहणं, ताटात शीत मात्र तेवढंच. त्या दिवसांत शीत कमी करा, चाला. मालकांनी बंदी उठण्याआधी खलाशांची साखर तपासून घ्यावी, स्वतःचीही.